प्यादं मागे येत नाही

माघार घेणं हा गुण की दुबळेपणा, हा प्रश्न आपल्या बायकांच्या आयुष्यात फार लवकर येतो आणि फार उशिरापर्यंत सोबत राहतो. "तू मोठी आहेस, तू सोड." "तू लहान आहेस, तू ऐक." "सून आहेस, जरा नमतं घे." मोठी असो की लहान, लेक असो की सून, नमतं घेण्याची पाळी कशी कोण जाणे आपल्यावरच येते. हल्ली याच्या उलट सल्लाही मिळतो. अजिबात नमू नकोस, एकदा नमलीस की कायमची नमलीस. दोन्ही सल्ले देणारी माणसं आपल्या भल्याचंच बोलत असतात. पण एक साधा प्रश्न दोघांनीही विचारलेला नसतो. माघार घ्यायची ती कशातून? बोलण्यातून, मानपानातून, की हक्कातून?

हा प्रश्न मला नीट मांडता आला तो बुद्धिबळामुळे, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. मी हा खेळ साठीजवळ आल्यावर शिकले. नातीला क्लासला सोडायचं आणि तास-दीड तास बाहेरच्या बाकावर बसायचं. त्यापेक्षा आत बसलेलं काय वाईट, म्हणून आत बसू लागले. वर्गात मुली बऱ्याच होत्या. आमच्या लहानपणी पट मांडायचे ते पुरुष, आणि आम्ही चहा नेऊन द्यायच्या. तरी त्याच काळात, १९७४ साली, देशातली पहिली महिला अजिंक्यपद स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली होती, आणि पुढे त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही ते पद पुनःपुन्हा मिळवलं. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या क्लासातल्या पोरींनी पेढे वाटले. असो.

तिथल्या सरांची शिकवायची रीत मला आधी उलटीच वाटली. त्यांनी डावाची सुरुवात शिकवलीच नाही. पटावरचं सगळं उचलून ठेवलं, दोन राजे ठेवले आणि एक प्यादं. म्हणाले, "आधी शेवट समजून घ्या." पुढे कळलं की ही रीत जुनी आहे. क्यूबाचा कापाब्लांका १९२१ साली जगज्जेता झाला. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या 'चेस फंडामेंटल्स' या पुस्तकातही पहिले धडे थोड्या मोहऱ्यांच्या शेवटांचेच आहेत. पटावर गर्दी असली की माणसाला वाटतं आपण काहीतरी करतोय. गर्दी ओसरली की प्रत्येक चालीची खरी किंमत दिसते.

राजा आणि प्याद्यांचा शेवट म्हणजे काय, ते ज्यांना खेळ येत नाही त्यांच्यासाठी सांगते. वजीर गेले, हत्ती, उंट, घोडे सगळे मारले गेले. आता उरलंय ते दोन्हीकडचा एकेक राजा आणि थोडी प्यादी. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा वजीर होतो, आणि वजीर झाला की डाव बहुधा संपलाच. म्हणून एकाचा राजा आपल्या प्याद्याला वाट करून देतो, दुसऱ्याचा राजा ती वाट अडवतो. सगळा डावभर जो राजा इतरांच्या आडोशाला लपून बसला होता, त्याला आता स्वतः चालत मध्ये यावं लागतं. घरातली कर्ती माणसं गेल्यावर आजवर आत बसलेल्या बाईला जसं बँकेत आणि कचेरीत जावं लागतं, तसंच की.

इथे तीन गोष्टी फार महत्त्वाच्या ठरतात.

पहिली म्हणजे, राजा आठही दिशांना जातो, मागेही येतो. प्यादं मात्र पुढेच जातं, मागे कधीच येत नाही.

दुसरी, या खेळात गप्प बसता येत नाही. आपली पाळी आली की काहीतरी हलवावंच लागतं. पटावर गर्दी असताना हा नियम जाणवत नाही, एखादी निरुपद्रवी चाल सापडतेच. पण शेवटाला अशी वेळ येते की आपण आहोत तिथे अगदी ठीक आहोत, फक्त हलायचं नसतं, आणि नेमकं हलावंच लागतं. हललो की मोडलो. या सक्तीला झुगझ्वांग असा जर्मन शब्द आहे. नात तो शब्द मोठ्या झोकात म्हणते.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन राजांचं समोरासमोर उभं राहणं. दोन राजे एकमेकांना लागून उभे राहू शकत नाहीत. त्यामुळे दोघांमध्ये एकच घर मोकळं असलं की दोघेही त्या घरात पाऊल टाकू शकत नाहीत. आता ज्याची पाळी असेल त्याला बाजूला सरावं लागतं, आणि तो सरला की दुसऱ्याला वाट मिळते. ताकद दोघांची सारखीच. फरक पडतो तो पाळी कुणाची एवढ्यानंच. दोन घरांमध्ये अबोला धरून उभी असलेली माणसं पाहिली की मला हेच दिसतं. मध्ये एकच घर मोकळं असतं. ज्यानं आधी हलायचं तो हरला, असं दोघांनीही मनाशी ठरवलेलं असतं.

आता सरांनी मांडून दाखवलेली एक जागा सांगते. पांढऱ्याच्या बाजूनं घरं मोजा. एकाच उभ्या रांगेत पाचव्या घरात पांढरा राजा, सातव्या घरात काळा राजा, मधलं सहावं घर मोकळं. पांढऱ्याचं प्यादं आपल्या राजाच्या मागे चौथ्या घरात आहे. पाळी पांढऱ्याची. पांढऱ्याला राजाच हलवावा लागतो, कारण प्याद्यापुढे त्याचाच राजा उभा आहे. राजा सरला की काळा पुन्हा समोर येऊन उभा राहतो, आणि काळा चुकला नाही तर डाव बरोबरीत सुटतो. आता फक्त एक बदल करा. तेच प्यादं चौथ्याऐवजी तिसऱ्या घरात ठेवा. बाकी सगळं तेच, पाळीही पांढऱ्याचीच. आता पांढरा प्यादं एक घर पुढे सरकवतो, राजा जागचा हलवत नाही. पाळी काळ्यावर जाते, काळ्याला सरावं लागतं, आणि पांढरा जिंकतो.

मी ती जागा घरी येऊन चार वेळा मांडून पाहिली. जिंकणं आणि बरोबरी यांत अंतर किती, तर प्याद्याचं एक घर. ते घर आधीच कधीतरी, काही गरज नसताना, "काहीतरी करायचं म्हणून" पुढे टाकलेलं असलं, तर ऐन वेळी हाताशी काही उरत नाही. जाणती माणसं प्याद्याची एखादी चाल राखून ठेवतात ती यासाठी. राजानं वाटेल तेवढी ये-जा करावी, कारण राजा परत येऊ शकतो. प्यादं मात्र वेळ आल्यावरच हलवावं.

या राजाच्या ये-जा करण्यातही एक गंमत आहे. कधी कधी राजा मुद्दाम मागे येतो. तीन चालींचा त्रिकोण करून पुन्हा होता त्याच घरात येऊन उभा राहतो. समोरच्या राजाला तेवढी मोकळी जागा नसते, त्याला दोन घरांमध्येच येरझारा घालाव्या लागतात. तीन चाली झाल्यावर पट जसाच्या तसा असतो, पण पाळी आता दुसऱ्याची असते. बघणाऱ्याला वाटतं हा मागे हटला. खरं म्हणजे त्यानं एक घरही गमावलेलं नसतं.

म्हणून माघार हा शब्द मला आता एकच वाटत नाही. परत येता येईल अशी एक माघार असते, आणि परत येता येणार नाही अशी एक. फोन आधी करणं, घरी आधी जाणं, "माझं चुकलं असेल" म्हणणं, पंगतीत मागे बसणं, मानाचा नारळ दुसऱ्या कुणाला मिळाला तर हसून बघणं, ही सगळी राजाची पावलं. आज मागे घेतली, उद्या पुढे टाकता येतात. कागदावरची सही, मोडलेलं सोनं, विकलेली जमीन, कुणाच्या कर्जाला दिलेला जामीन, ही प्यादी आहेत. आणि हो, चारचौघांत कुणाच्या लेकीबद्दल बोललेला वाईट शब्द, तोही प्यादंच. तो परत घेतला असं म्हणतात, पण येतो का कधी परत?

आता आपल्या घरांत काय होतं ते बघा. आपण नेमकं उलटं करतो. प्यादी भराभर टाकतो आणि राजाला मात्र जागचा हलवत नाही.

आमच्या नात्यातली एक आक्का आहे. वडील गेले, अजून सुतक फिटलं नव्हतं, तेवढ्यात धाकटा भाऊ कागद घेऊन आला. "आक्का, एवढी सही कर. सब-रजिस्ट्रार कचेरीत उद्याचीच वेळ मिळालीय." कागद कानडीत. आक्का कानडी फाडफाड बोलते, पण आपल्या भागातल्या मराठी शाळेतून शिकलेल्या कितीतरी जणींसारखं तिला ते वाचता येत नाही. हक्कसोडपत्र होतं. तिनं सही केली. साडीचोळी झाली, पेढे झाले. ती म्हणायची, "चार वाफ्यांसाठी माहेर कोण तोडून घेतंय?" पुढे एका लग्नात वहिनी तिला काहीतरी लागेलसं बोलली. झालं. त्यावरून आक्कानं माहेरचा उंबरठा सोडला. वर्षांमागून वर्षं गेली, राखीला तिचा पत्ता नाही. ज्या माहेरासाठी सही केली ते माहेर एका शब्दावरून गेलं, आणि सही काही परत आली नाही.

हे मी तिला नावं ठेवायला सांगत नाही. आपल्याला शिकवलंच तसं आहे. मालमत्तेचं बोलणारी मुलगी हावरट, आणि अपमान गिळणारी मुलगी लाचार. मग ती मालमत्ता सोडून चांगली ठरते आणि अबोला धरून स्वाभिमानी ठरते. दोन्हीकडे शाबासकी मिळते. हाताला मात्र काहीच लागत नाही, ना हक्क, ना भाऊ.

दुसऱ्या एकीचंही सांगते. तिचा भाऊ मोठा, तोही असाच कागद घेऊन आला. ती म्हणाली, "दादा, कागद राहू दे इथं. लेक कानडी शाळेत शिकलीय, तिच्याकडून वाचून घेते." दादा रागावला. महिनाभर फोन नाही. महिन्यानं हिनंच केला. वहिनी जरा घुश्शात होती, तरी ही भाऊबीजेला गेली, ओवाळलं, जेवून आली. कागदाचा विषय तिथे काढला नाही, आणि घरी येऊन सहीही केली नाही. असं चार वर्षं चाललं. चौथ्या वर्षी तिनं स्वतःहून सांगितलं, "राहतं घर तुझं, त्यावरचा हक्क मी सोडते. शेतातला माझा वाटा माझ्या नावावर राहू दे." तेव्हा तिनं सही केली. दादानं ऐकलं. खुशीनं ऐकलं असं मी म्हणणार नाही, पण ऐकलं. राखी अजून जाते.

तिच्या चालण्यावरून मला रेटी या खेळाडूनं १९२१ साली रचलेली एक जागा आठवते. पांढरा राजा एका कोपऱ्यात. काळ्याचं प्यादं वजीर व्हायला धावतंय, आणि या राजाला ते गाठता येत नाही, दोन पावलं कमी पडतात. पांढऱ्याचं स्वतःचं प्यादं पटाच्या पार दुसऱ्या बाजूला, तिथे काळा राजा ते मारायला टपलेला. त्यालाही वाचवता येत नाही. बघणारा म्हणतो, संपलं. पण राजा ना सरळ शत्रूच्या प्याद्यामागे जात, ना सरळ आपल्या प्याद्याकडे. तो तिरका चालतो. पटावर तिरकं अंतर सरळ अंतराएवढ्याच पावलांत कापलं जातं. त्यामुळे प्रत्येक पावलानं तो दोन्हींच्या जवळ येतो. काळ्यानं इकडे लक्ष दिलं तर तिकडचं साधतं, तिकडे दिलं तर इकडचं. शेवटी डाव बरोबरीत सुटतो. जिंकत नाही, हे लक्षात घ्या. पण हरलेला डाव वाचतो.

"नातं हवं की हक्क, काय ते आत्ताच ठरव," असं आपल्याला विचारलं जातं. या प्रश्नातच खोट आहे. बऱ्याचदा पहिल्या पावलाला ठरवायची गरजच नसते. तिरकं चालता येतं.

कुणी म्हणेल, भावाबहिणीच्या नात्यात कसले डाव मांडता? भाऊ काय शत्रू आहे? बरोबर आहे, नाहीच. खेळात एकानं हरल्याशिवाय दुसरा जिंकत नाही, घरात तसं नसतं. मी खेळातून जिंकायचं कसं ते घेत नाही. काय परत येतं आणि काय येत नाही, एवढं ओळखणं घेते. आणि घर आणि पट यांत याहून मोठा एक फरक आहे, तो आपण विसरतो. पटावर पाळी आली की हलावंच लागतं. घरात असा नियम कुणी केलाय? "आजच सही पाहिजे," "उद्याच सांग," "सगळे थांबलेत," ही सगळी खोटी झुगझ्वांग. आपली पाळी आली आहे असं दुसरा म्हणतो आणि आपण मानतो. "मला वेळ हवा" हे उत्तर पटावर चालत नाही, आयुष्यात चालतं. कितीजणी ते देतात?

हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि ती दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. म्हणजे प्यादं आपल्या हातात दिलेलं आहे. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मात्र एकटीच्या मर्जीनं रद्द होत नाही. फसवणूक झाली, जबरदस्ती झाली, हे सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा वाचायचं ते सहीच्या आधी.

इथे आपल्याकडचीच एक शंका येते. सोडणं हा तर आपला धर्म. मग एवढं धरून कशाला बसायचं? मला वाटतं, अपरिग्रह म्हणजे जे आपलं आहे ते जाणून, मोजून, मोकळ्या मनानं सोडणं. न वाचलेल्या कागदावर, घाईनं, भीतीनं जे सुटतं त्याला त्याग कसं म्हणणार? ते हातातून काढून घेतलेलं असतं. त्या दुसरीनं राहतं घर सोडलं तो मला खरा त्याग वाटतो, कारण सोडण्याआधी ते तिचं होतं आणि तिला ते माहीत होतं.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्यादं कायम राखून ठेवणं हाही काही गुण नाही. जे प्यादं कधी हललंच नाही, त्याचा वजीर कधी होत नाही. लॉकरमध्ये ठेवून ठेवून नातवंडांच्या शिक्षणालाही न मोडलेलं सोनं, मनात ठेवून ठेवून नवऱ्याला कधीच न सांगितलेली गोष्ट, यांचीही वेळ निघून जाते. राखणं हे योग्य वेळेसाठी असतं. वेळ आली की प्यादं टाकावं, आणि टाकल्यावर मागे बघू नये.

आणि राजाचं काय? त्याला कुणी आधी हलवायचं? दोन घरांमध्ये ते एक मोकळं घर तसंच पडून राहतं, कारण आधी हलणारा हरतो अशी समजूत. आपल्या पूर्वजांना हे चांगलं ठाऊक असणार. म्हणून दशलक्षण पर्वाची सुरुवात उत्तम क्षमेनं आणि पर्व संपल्यावर क्षमावाणी. त्या दिवशी बस्तीत सगळेच सगळ्यांची क्षमा मागतात. मोठा लहानाची, सासू सुनेची. पटावर दोघांची पाळी एकदम कधीच येत नाही. त्या दिवशी येते. कोण आधी हलला, हा प्रश्नच उरत नाही.

आक्काला मी गेल्या वर्षी एवढंच म्हटलं, "सही गेली ती गेली. पण फोन अजून तुझ्याच हातात आहे." तिनं लगेच केला नाही. पण त्याच आठवड्यात भाच्याचा नंबर मागून घेतला.